तिसरी शीवफेरी

कर्नल थिऑफिलस वॉरिक फार न्यायी माणूस आहे, असं आमच्या परगण्यात कुणीही सांगेल. वर पुरावा म्हणून माझंच नाव घेईल. "प्रूडनच्या विधवेकडे बघा, तिचा झरा तिला कुणी परत दिला?" मला मात्र कुणी विचारायला येत नाही. आलं तर मी काय बोलेन ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तर न विचारताच सांगते.

माझी जमीन साठ एकर. दोन-तीन एकरांत तंबाखू, थोडा मका, बाकी रान. तिचं खरं मोल मातीत नाही, झऱ्यात आहे. नदी आमच्या दारातून वाहते, पण भरतीबरोबर समुद्र तिच्यात शिरतो आणि पाणी मचूळ होतं. विहीर खणली तरी तेच. माझ्या नवऱ्याने, एमॉसने, ही जमीन घेतली ती झरा बघूनच. खरेदीपत्रात लिहिलंय: झऱ्याच्या पलीकडे तीन खाचांचा पांढरा ओक, तिथून खाडीपर्यंत सरळ शीव. अलीकडे प्रूडन, पलीकडे वॉरिक. मी सांगतेय त्या भांडणाच्या एकतीस वर्षं आधी त्या खाचा पाडल्या, तेव्हा मी तिथे होते. नवी नवरी, हातात सफरचंदाच्या दारूची सुरई. त्या सुरईतला पहिला पेला थिऑफिलस वॉरिकने प्यायला होता. तो आणि एमॉस एका वयाचे, बरोबर शिकारीला जायचे. माझ्या हातची मक्याची भाकरी त्याने कितीदा खाल्ली असेल त्याचा हिशेब नाही.

पुढे त्याचा बाप मेला. बापाच्या नऊ हजार एकरांबरोबर बापाच्या खुर्च्याही त्याच्याकडे आल्या. कायद्याचं एक पान न वाचता न्यायाधीश झाला. मग चर्चच्या पंचांत गेला. एकही लढाई न बघता कर्नल झाला. मग राजधानीत, विल्यम्सबर्गला भरणाऱ्या सभेत आमचा प्रतिनिधी, एकदा नाही, पाचदा. आमच्याकडे तक्रार करायची तर कोर्टात वॉरिक, चर्चमध्ये वॉरिक, सभेत वॉरिक. देवापाशी करावी म्हटलं तर पहिल्या बाकावर तोच बसलेला.

एमॉस तापाने गेला तो त्या भांडणाच्या नऊ वर्षं आधी. त्याच हिवाळ्यात तीन खाचांचा ओकही गेला. वीज पडली म्हणे. बर्फात वीज! नुसती पडली नाही, तिने खोड तोडून ओंडके केले आणि बुंधा मुळापर्यंत जाळला, अशी गुणाची वीज. आणि झऱ्याच्या अलीकडे, माझ्या रानात साठ पावलं आत, दुसऱ्याच एका पांढऱ्या ओकावर तीन खाचा दिसायला लागल्या. काळपट, मळकट, जुन्यासारख्या.

आता शीवफेरीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. दर चार वर्षांनी पानं गळाली की चर्चचे पंच दोन माणसं नेमतात. ती शेजाऱ्यांना घेऊन शीव चालतात, जुन्या खुणेच्या वर नवी खूण पाडतात, वहीत लिहितात. कुणी हरकत घेतली तर भांडण कोर्टात जातं. नाही घेतली तर पुढे चालतात. अशा तीन फेऱ्या बिनहरकत झाल्या की ती शीव कायमची. मग खरेदीपत्र चुलीत घातलं तरी चालतं.

पहिल्या फेरीला मी अंथरुणाला खिळले होते, एमॉसला नेणारा ताप वर्षभराने मलाही लागला होता. माझ्या वतीने माझा दीर जेथ्रो चालला. दुसऱ्या फेरीला त्यांनी मला शुक्रवार सांगितला आणि आले गुरुवारी. मी तंबाखू घेऊन धक्क्यावर गेले होते. पुन्हा जेथ्रोच चालला.

"भावोजी, झरा आपला आहे," मी त्याला म्हणाले. "तुमच्या भावाने घेतलेला."

"वहिनी, झाडावर खूण आहे ना? मग वाद कसला?" तो म्हणाला. तोंडाला रमचा वास येत होता, आणि ती रम आमच्या घरची नव्हती.

झऱ्यावर जायला कर्नलने मला कधी बंदी केली नाही. केली असती तर मी परगणाभर बोंब मारली असती, हे त्याला ठाऊक होतं. तो नुसता थांबला होता. आठ वर्षं, मांजर थांबतं तसा.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याचं विटांचं घर पुरं झालं आणि इंग्लंडहून एक दगडी मासा आला. तोंड वासलेला, घोड्याएवढा. घरासमोरच्या बागेत तो बसवायचा आणि त्याच्या तोंडातून पाणी उडवायचं. पाणी कुठून येणार? सुतार पाइनचे ओंडके आरपार पोखरून नळ करत होते, आणि नळांची रांग माझ्या झऱ्याच्या दिशेने सरकत होती. माझी एक गाय, दोन डुकरं, चार वाफे आणि मी, सगळे त्या पाण्यावर जगतो. आणि ते एका माशाने थुंकायचं!

त्या पाण्यावर आणखी कुणी जगत होतं. कर्नलच्या गुलामांची खोपटं खाडीकडेला आहेत, चाळीसएक माणसं. त्यांच्यासाठी त्यांच्यातलीच फीबी रोज सकाळी बादल्या घेऊन झऱ्यावर यायची, एमॉस होता तेव्हापासून. तिने कधी विचारलं नाही, आणि विचारावं असं माझ्याही मनात आलं नाही. पाणी वाहतंय, घ्यावं. मी तिथे कपडे धूत असले की ती बादली उलटी घालून तिच्यावर बसायची.

"बाई, हा परकर धुताय का मारताय?" एकदा म्हणाली.

"कर्नल समजून धुतेय."

"मग द्या इकडे, दोन धपाटे मी पण घालते."

इतकं आमचं होतं. आम्ही स्वतः कधी गुलाम ठेवला नाही. चांगुलपणा म्हणून नाही, ऐपत नव्हती म्हणून. हे आता कबूल करायला मला लाज वाटत नाही, लाज वाटायला दुसरं पुष्कळ आहे.

फीबीचा नवरा मिंगो. कर्नलचा कुऱ्हाडवाला. जमीन मोजायची असो, झाड पाडायचं असो, खूण करायची असो, कुऱ्हाड मिंगोची. तीस वर्षं. सप्टेंबरात एकदा भर दुपारी तो झऱ्यावर आला, हातात बादली, म्हणजे कुणी बघितलं तर सांगायला कारण.

"बाई, त्या झाडाला वय विचारा," तो म्हणाला.

"झाड बोलतं का मेल्या?"

"बोलतं. जखम झाली की झाड दर वर्षी तिच्यावर लाकडाचा एक थर चढवतं. खाचेच्या कडेचा ठोकळा काढा आणि आतल्या रेघा मोजा. एकतीस भरल्या तर खूण तुमच्या धन्याच्या वेळची."

"आणि नाही भरल्या तर?"

"नऊ आहेत."

"तुला काय ठाऊक?"

त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "वरून चिखल आणि डुकराची चरबी चोळली. जुनी दिसायला पाहिजे, असा हुकूम होता."

मी तिथेच दगडावर बसले. आठ वर्षं माझ्या मनात होतं ते खरं निघालं. "आता का सांगतोस?" मी विचारलं.

"तो मासा पाणी प्यायला लागला की आमच्या माणसांना खाडीचं पाणी. मागच्या उन्हाळ्यात वरच्या मळ्यावर खाडीच्या पाण्याने सहा जण गेले. फीबीला पोटाचं दुखणं आहेच." मग तो जरा जवळ आला. "माझं नाव घेऊ नका, बाई. माझा शब्द कोर्टात चालत नाही. पण मालकाच्या कानापर्यंत बरोबर चालत जातो."

"एमॉसच्या थडग्याची शपथ," मी म्हणाले. "जीभ तोडीन पण नाव घेणार नाही."

शपथ मी पाळली. नाव घेतलं नाही. ऐका पुढे.

ऑक्टोबरात तिसरी फेरी निघाली. या वेळी मी धक्क्यावर गेले नाही, अंथरुणालाही खिळले नाही. आठवडाभर आधीपासून त्या ओकाखाली बसायची माझी तयारी होती. नेमलेली दोन माणसं म्हणजे पिपं करणारा इझ्रा बंटिंग आणि गिडियन मॅप, ज्याला स्वतःचं असं मत कधी नव्हतंच. बरोबर जेथ्रो, आणि डझनभर मतदार, कारण निवडणूक महिन्यावर होती आणि कर्नलच्या गाडीत रमचं पीप होतं. सगळ्यांच्या मागे कुऱ्हाड घेऊन मिंगो.

"केझाया, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" कर्नल घोड्यावरून उतरत म्हणाला. टोपी काढून, अगदी वाकून. "जेथ्रो आहे की."

"जेथ्रोची मान सैल झालीये, कर्नलसाहेब, सारखी होकारार्थी हलते. म्हणून माझी घेऊन आले."

दोघेचौघे हसले. जेथ्रो नाही हसला.

ओकापाशी आल्यावर गिडियनने वही उघडली आणि मी ओरडले, "हरकत आहे!" इतकी मोठ्याने की घोडा बिचकला. "ही खूण खोटी आहे. खाचेचा ठोकळा काढा आणि आतल्या रेघा मोजा. दर वर्षाची एक. एकतीस भरल्या नाहीत तर शीव इथे नाही, झऱ्याच्या पलीकडे आहे."

इझ्रा बंटिंग झाडाकडे बघायला लागला. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. माझी गोष्ट तिथे संपली असती.

पण कर्नल हसला. "रेघा? बाई आता झाडांचे हात बघायला लागल्या का? विचारा हो, ओकाच्या नशिबात दुसरं लग्न आहे का ते."

सगळे हसले. गिडियन तर वही तोंडावर धरून हसला.

"वहिनी, घरी चला," जेथ्रो म्हणाला. "दादाच्या नावाची शोभा होतेय."

"तुमच्या दादाचंच पाणी चोरलंय यांनी, आणि शोभा मी करते?"

"अरे, चिडवू नका रे त्यांना," कर्नल म्हणाला. आवाज असा मऊ, की लोण्यात सुरी फिरावी. "एकटं राहून राहून बाईमाणसाला असं काही सुचतं. हे तुमच्या डोक्यातलं नाही, केझाया. कुणी भरवलं हे? कुठली म्हातारी चेटकीण गाठ पडली तुम्हाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नवऱ्याचं मरण, त्या जळलेल्या बुंध्याची राख, तो मासा, आणि वर हा माणूस माझी कीव करतो!

"चेटकिणीने नाही!" मी म्हणाले. "ज्याने ही खाच पाडली, त्यानेच सांगितलं!"

हसणं थांबलं. परगण्यात लहान पोरालाही ठाऊक आहे, वॉरिकच्या रानात कुऱ्हाड कुणाची चालते. एकेक मान मागे वळली. जेथ्रोची वळली, गिडियनची वळली. आणि देव मला क्षमा करो, माझीही वळली. मी नाव घेतलं नाही, नुसतं त्याच्याकडे बघितलं.

मिंगो जमिनीकडे बघत होता. कुऱ्हाडीच्या दांड्यावर त्याची बोटं घट्ट झाली आणि मग सैल पडली.

"मिंगो," कर्नल म्हणाला. "ठोकळा काढ."

त्याने काढला. वर एक तिरका घाव, खाली एक तिरका घाव, मग पात्याचं टोक घालून एक हिसका. ठोकळा हातात आला, भाकरीच्या चतकोराएवढा. त्याने तो इझ्राच्या हातात दिला. इझ्राने त्यावर थुंकी लावली, अंगठ्याने पुसला आणि नखाने मोजायला लागला. एक, दोन, तीन. नवावर नख सालीला टेकलं. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ.

आता बघा हं कर्नल कसला माणूस आहे. मला वाटलं होतं तो चिडेल, लाल होईल, खोटं म्हणेल. त्याने कपाळाला हात लावला आणि हसत सुटला.

"अरे देवा! नऊ वर्षं मी या बाईंच्या जमिनीवर उभा आहे आणि मला कुणी सांगितलं नाही? या गाढवाला मी म्हटलं होतं, जुन्या ओकाची खूण ताजी कर. याने भलत्याच झाडाला खाचा पाडल्या आणि खरं झाड वाळकं समजून जाळून टाकलं! गिडियन, लिही. शीव झऱ्याच्या पलीकडून. झरा प्रूडनबाईंचा. थिऑफिलस वॉरिकने एका विधवेचं घोटभर पाणी घेतलं, असं मेल्यावरही कुणी म्हणता कामा नये."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. कुणीतरी "कर्नलसाहेब की जय" म्हणालं. पिपाचं बूच निघालं आणि माझ्याही हातात पेला आला. कर्नलने स्वतः दिला, पुन्हा वाकून. मी तो ओकाच्या मुळाशी ओतला, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विटांच्या घरी गेले. जन्मात कुणापुढे वाकले नव्हते, त्या दिवशी वाकले. "कर्नलसाहेब, मी रागाच्या भरात बोलले. मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. एमॉसकडूनच ऐकलं होतं रेघांचं."

"तसंच असणार," तो म्हणाला. अंड्याचं टरफल चमच्याने फोडत होता. "गुलामाच्या बोलण्याला मी महत्त्व देत नाही, केझाया. पण तीस वर्षं माझी कुऱ्हाड धरून ज्याला माझी झाडं ओळखता येत नाहीत, तो माणूस काय कामाचा? चूक त्याची आहे, हे मी काल बारा जणांसमोर बोललोय. बोललेलं निभवायला नको?"

"कुठे आहे तो?"

"पहाटेच्या भरतीला कॅरोलायनाचं गलबत गेलं. कुऱ्हाडवाल्याला तिकडे चांगली किंमत येते." त्याने मीठ घेतलं. "तुम्ही नाश्ता केलात का?"

मी परत कशी आले आठवत नाही. वाटेत इझ्रा बंटिंगचं दुकान लागतं. तो पिपाच्या फळ्या तासत होता. मला बघून उठला.

"बाई, एक सांगू? रेघांचं मला माहीत होतं. पिपंवाला आहे मी, लाकूड वाचतो. तुम्ही हरकत घेतली तेव्हा मी ठोकळा काढायला सांगणारच होतो. तुम्ही जरा दम धरला असता तर..."

"दम?" मी म्हणाले. "मागच्या फेरीला कोण होतं नेमलेलं? तूच ना? तेव्हा लाकूड वाचता येत नव्हतं तुला? चार वर्षांपूर्वी पाच रेघा होत्या इझ्रा, एका हाताच्या बोटांवर मोजल्या असत्यास! आणि दम मी धरायचा?"

तो खाली बघून पुन्हा फळी तासायला लागला. त्याला बोलले ते खरंच होतं. पण त्याचंही खरं होतं, आणि त्यानेच जास्त संताप झाला.

नोव्हेंबरात निवडणूक झाली. कोर्टाच्या हिरवळीवर अख्खा बैल भाजला होता. मत द्यायच्या आधी कर्नल पायरीवर उभा राहून बोलला. लंडनच्या संसदेने आपल्यावर कर बसवलाय, आपल्याला न विचारता. "जे माझं आहे," तो म्हणाला, आणि छातीवर हात ठेवला, "ते मला विचारल्याशिवाय कुणी घेईल, तर तो राजा असो की संसद, मी त्याला चोर म्हणेन! आणि जो माणूस हे मुकाट्याने सोसतो तो गुलाम!" माणसं वेडी झाली. टोप्या उडाल्या. मागे त्याचे गुलाम बैलावर चरबीचं पाणी शिंपडत उभे होते. त्यांच्यातल्या एकानेही मान वर केली नाही.

मग एकेक मतदार टेबलापुढे आला. शेरीफने नाव पुकारायचं, त्याने मोठ्याने उमेदवाराचं नाव सांगायचं, आणि उमेदवाराने उठून आभार मानायचे, अशी रीत आहे.

"जेथ्रो प्रूडन! मत कुणाला?"

"कर्नल वॉरिकना!" माझा दीर म्हणाला. "माझ्या वहिनीला न्याय देणाऱ्याला!"

"आभारी आहे, मिस्टर प्रूडन," कर्नल म्हणाला, आणि गर्दीत मला शोधून माझ्याकडे बघून वाकला. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि हसले, कौतुकाने. माझ्या नावावर मतं पडत होती आणि मला मत नव्हतं. मी तिथून ओरडले, "मिंगोचं काय केलंस ते सांग!" पण तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं गेलं, आणि बायकांनी मला दंडाला धरून मागे नेलं. रम चढलीये हिला, म्हणाल्या.

दगडी मासा अजून बागेत आहे, कोरडा. त्याच्या तोंडात यंदा पाखरांनी घरटं केलंय. लोक तो मुद्दाम बघायला जातात: बघा, विधवेसाठी कर्नलने हौस सोडली.

मिंगो गेल्यावर दहा दिवस झऱ्यावर खोपटांतल्या दुसऱ्याच बायका येत होत्या. अकराव्या दिवशी फीबी आली. मी कपडे तसेच टाकून उठले. तिने शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं मला वाटत होतं, अगदी मनापासून. तिने बादल्या झऱ्यापासून चार हात लांब ठेवल्या आणि हात पुढे जुळवून उभी राहिली.

"बाई, पाणी घेऊ का?"

"फीबी, असं काय विचारतेस?"

"शीव ठरली ना, बाई. आता झरा तुमचा. विचारल्याशिवाय कसं घ्यायचं?"

मी काय काय बोलले. मिंगोचं बोलले, शपथेचं बोलले, रडलेसुद्धा. ती ऐकत होती की नव्हती, कळलं नाही. शेवटी मी म्हणाले, "घे बाई, घे." तेव्हा ती पुढे आली, वाकली आणि बादल्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तिला सांगून बघितलं, की कायमचं घे, जन्मभर घे, मला विचारू नकोस. ती नुसती उभी राहिली. मी घरात जाऊन बसले, दार लावून घेतलं. तासाने खिडकीतून बघितलं तर रिकाम्या बादल्या तिथेच, आणि ती तिथेच, आणि खोपटांत चाळीस माणसं पाण्याची वाट बघत. मी बाहेर आले.

आता दोन वर्षं होतील. ती रोज सकाळी येते, बादल्या खाली ठेवते, विचारते. आणि रोज मला "घे" म्हणावं लागतं.